कपाळाला आठ्या पडतात का?

सोमवारची ओपीडी नेहमीसारखी तुडुंब भरली होती. पस्तिशीचा एक माणूस आत आला. तोंडावर रुमाल धरलेला, डावा डोळा लालबुंद, आणि काखेत एमआरआयच्या फिल्मची मोठी पिशवी. मागोमाग त्याचा भाऊ. खुर्चीत बसायच्या आधीच भावानं ती पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, ‘‘मॅडम, एमआरआय नॉर्मल आलाय म्हणतात. मग तोंड सरळ का होत नाही?’’

हे गृहस्थ तळोजा एमआयडीसीत रात्रपाळीला असतात. गुरुवारी पहाटे घरी आले, चूळ भरायला गेले तर पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागलं. आरशात पाहिलं, तोंड उजवीकडे ओढलं गेलं होतं आणि डावा डोळा मिटत नव्हता. लकवा मारला म्हणून घरात रडारड झाली. शेजारच्यांनी सल्ला दिला, आधी मेंदूचा एमआरआय काढा, मग डॉक्टरकडे जा. डॉक्टर तरी तेच सांगणार. गुरुवार पैशांची जुळवाजुळव करण्यात गेला, शुक्रवार नंबर लावण्यात. शनिवारी स्कॅन झाला, रिपोर्ट रविवारी संध्याकाळी मिळाला. सोमवारी ते माझ्यासमोर होते.

मी त्यांना म्हटलं, ‘‘भुवया वर करा. कपाळाला आठ्या घाला.’’ उजव्या बाजूला तीन-चार ठसठशीत आठ्या पडल्या. डावं कपाळ मात्र इस्त्री फिरवल्यासारखं सपाट राहिलं. ‘‘डोळे घट्ट मिटा.’’ उजवा मिटला, डावा अर्धा उघडाच. बुबुळ तेवढं वर सरकलं. मग बोलायला लावलं, हात समोर धरायला लावले, चालवून पाहिलं, नजर बोटामागे फिरवायला सांगितली, कानात बॅटरी मारली. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. हा मेंदूतला झटका नव्हता. चेहऱ्याच्या नसेला सूज आली होती. त्याला वैद्यकशास्त्रात बेल्स पाल्सी म्हणतात.

आता दुसरी गोष्ट. काही आठवड्यांपूर्वी उरणच्या बाजूच्या एका गावातून सत्तरीच्या आजी आल्या होत्या. आदल्या रात्री जेवताना त्यांचं तोंड वाकडं झालं, बोलणं बोबडं झालं. मुलगा हुशार, त्यानं वेळ घालवला नाही. ओळखीच्या कंपाउंडरची चिठ्ठी घेतली आणि तासाभरात डोक्याचं सीटी स्कॅन करून घेतलं. ‘रक्तस्राव नाही’ असं त्याला तोंडी सांगण्यात आलं. त्यानं त्याचा अर्थ घेतला, काही नाही. म्हणजे वारं लागलं असणार. आजींना घरी आणलं, गालाला तेल चोळलं, शेक दिला आणि झोपवलं. सकाळी उजवा हात उचलेना. मी तपासलं तेव्हा त्यांच्या कपाळावर दोन्हीकडे सारख्या आठ्या पडत होत्या. डोळेही मिटत होते. फक्त गालाचा आणि ओठाचा कोपरा लोंबत होता. हा मात्र मेंदूचा झटका होता, आणि गाठ विरघळवण्याच्या औषधाची वेळ रात्रीच निघून गेली होती.

दोघांच्या हातात नॉर्मल रिपोर्ट. दोन्ही रिपोर्ट आपापल्या जागी बरोबर. आणि दोघांचंही नुकसान झालेलं. स्कॅन काढू नये असं मला अजिबात म्हणायचं नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात आम्ही ज्या यंत्रासाठी रुग्णाला जीप करून मुंबईला पाठवायचो, ते आज तुलनेनं जवळ आलं आहे याचा मला आनंदच आहे. पण स्कॅन हे प्रश्नाचं उत्तर देणारं यंत्र आहे. प्रश्न कोणता विचारायचा, हे आधी रुग्णाच्या चेहऱ्यावर वाचावं लागतं.

कपाळाला एवढं महत्त्व का, ते सांगते. मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्या अंगाला हुकूम देतो आणि उजवा अर्धा डाव्या अंगाला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. गाल आणि ओठ यांनाही मुख्यतः हाच नियम लागू आहे. कपाळाची आणि बऱ्याच अंशी पापण्यांची सोय मात्र निसर्गानं दुहेरी केली आहे. त्यांना मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांकडून हुकूम येतो. एखाद्या इमारतीला दोन फीडरवरून वीज यावी तसं. एक फीडर बंद पडला, तरी दिवे जात नाहीत. मेंदूच्या एका बाजूला झटका आला तर गाल लोंबतो, पण दुसऱ्या बाजूच्या जोरावर कपाळ हलत राहतं. याउलट दोन्ही फीडर जोडल्यावर इमारतीत शिरणारी केबलच जळाली, तर सगळीकडे अंधार. ही केबल म्हणजे चेहऱ्याची नस, मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी सातवी. ती बंद पडली की कपाळापासून हनुवटीपर्यंत अख्खी बाजू जाते.

म्हणून दिसायला विचित्र वाटेल अशी गोष्ट खरी ठरते. ज्याचा अर्धा चेहरा पूर्ण गेला आहे, डोळाही मिटत नाही, तो घरच्यांना जास्त गंभीर वाटतो, पण त्याचा आजार बहुतेक वेळा कमी धोक्याचा असतो. आणि ज्याचा फक्त ओठाचा कोपरा किंचित खाली आला आहे, त्याच्याकडे पाहून डॉक्टरच्या काळजात धस्स होतं.

या नसेचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. मेंदूच्या देठातून निघाल्यावर ती कानाच्या हाडात शिरते आणि सुमारे ३ सेंटिमीटर लांबीच्या वळणावळणाच्या बोगद्यातून जाते. हा बोगदा सर्वांत अरुंद असतो तिथे त्याची रुंदी एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. आपल्या शरीरात एवढी मोठी चाल हाडाच्या नळीतून करावी लागणारी दुसरी नस नाही. तिथे सूज आली तर पसरायला जागाच नसते; नस स्वतःच्याच सुजेनं आवळली जाते. ही सूज का येते, याबद्दल सर्वांत जास्त संशय आहे तो नागिणीच्या भावकीतल्या एका विषाणूवर. ओठावर ताप उतरल्यावर जी फोडं येतात ती याचीच. वर्षानुवर्षं तो नसेत झोपून असतो आणि कधीतरी जागा होतो. याच बोगद्यात चवीचे, अश्रूंचे आणि कानातल्या एका इवल्याशा स्नायूचे धागे जातात. त्यामुळे हे रुग्ण सांगतात, ‘कालपासून कानामागे ठणकतंय’, ‘जेवणाला चवच लागत नाही’, ‘मिक्सरचा आवाज डोक्यात जातो’. ही वाक्यं मी कान टवकारून ऐकते. त्यांतून आजाराची जागा कळते.

गाडीच्या खिडकीतून वारं लागलं, लोकलच्या दारात उभा होतो, पंख्याखाली झोपलो, अशी कारणं जवळपास प्रत्येक जण सांगतो. पनवेलहून रोज मुंबईला जाणाऱ्या हजारोंना रोजच वारं लागतं, त्यांची तोंडं काही वाकडी होत नाहीत. तरी मी वाद घालत बसत नाही. मला चिंता आहे ती वेगळी. ‘वारं’ म्हटलं की माणूस तेल, शेक, मांत्रिक, कबुतराचं रक्त यांकडे वळतो, आणि ‘लकवा’ म्हटलं की सरळ स्कॅन सेंटरकडे. दोन्ही वाटांवर डॉक्टरची तपासणी लागतच नाही.

आजाराला ज्यांचं नाव पडलं ते चार्ल्स बेल हे स्कॉटिश शल्यविशारद. वॉटर्लूच्या लढाईतल्या जखमींवर उपचार करणारे आणि चित्रकलेतही पारंगत. त्यांनी १८२१ साली चेहऱ्याच्या नसांवरचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. आयुर्वेदात त्याच्या कितीतरी आधी ‘अर्दित’ या नावानं वाकड्या तोंडाचं वर्णन आहे. आजही दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण १५ ते ३० जणांना हा आजार होतो. मधुमेहींना आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीतल्या स्त्रियांना अधिक.

आता त्या तळोज्याच्या गृहस्थांच्या एमआरआयकडे वळू. सूज कानाच्या हाडातल्या बोगद्यात होती आणि फोटो काढला होता मेंदूचा. तो नॉर्मल येणारच होता. विशेष औषध टोचून, त्या नसेवर लक्ष ठेवून एमआरआय केला तर सुजलेली नस उजळलेली दिसू शकते, पण निरोगी नसही थोडी उजळते आणि त्या चित्रामुळे उपचार बदलत नाहीत. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली स्पष्ट मार्गदर्शन केलं, की तपासणीत सरळसाध्या बेल्स पाल्सीचं चित्र असेल तर सरसकट स्कॅन काढू नये.

‘‘पण काढला तर बिघडलं काय?’’ असं भावानं मला विचारलं. त्याचा प्रश्न रास्त होता. खर्च तर आहेच. सीटीमध्ये क्ष-किरणांचा डोसही असतो. डोक्याच्या एका सीटीला साधारण तेवढा, जेवढा आपल्याला निसर्गातून वर्षभराच्या आसपास मिळतो. तो फार नाही. मला जास्त छळतात त्या स्कॅनमध्ये अवचित सापडणाऱ्या गोष्टी. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात २००० निरोगी, बहुतेक मध्यमवयीन आणि ज्येष्ठ माणसांचे मेंदूचे एमआरआय काढले गेले, त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ७.२ टक्के लोकांना कधीतरी नकळत छोटा झटका येऊन गेल्याच्या खुणा होत्या, १.८ टक्के लोकांच्या रक्तवाहिनीला फुगवटा होता आणि १.६ टक्के लोकांना साधी, कर्करोगाची नसलेली गाठ होती. यांपैकी कुणालाही काही त्रास नव्हता. असा एखादा ठिपका वाकड्या तोंडाच्या रुग्णाच्या रिपोर्टात आला, की संपलं. चेहऱ्याशी त्याचा काडीचा संबंध नसतो, पण ‘मेंदूत डाग आहे’ हे वाक्य त्या घरातून बाहेर पडत नाही. एका बाईंनी मला सांगितलं होतं, तोंड महिन्यात सरळ झालं, पण त्या रिपोर्टमुळे मुलीचं ठरलेलं लग्न अडलं.

आणि वेळ. बेल्स पाल्सीवर गुणकारी ठरलेलं औषध एकच, स्टेरॉइडच्या गोळ्या, आणि त्या पहिल्या ७२ तासांत सुरू व्हायला हव्यात. स्कॉटलंडमध्ये सुमारे ५०० रुग्णांवर याचा अभ्यास झाला आणि २००७ साली प्रसिद्ध झाला. दहा दिवस प्रेडनिसोलोन घेतलेल्यांपैकी नऊ महिन्यांनी ९४.४ टक्के पूर्ण बरे झाले. ते न घेतलेल्यांपैकी ८१.६ टक्के. म्हणजे औषधाविनाही बहुतेक जण बरे होतात, हे खरं. पण राहिलेल्यांत आपण असू की नाही, हे पहिल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. राहिलेल्यांचं दुःखही साधं नसतं. नसेचे धागे पुन्हा वाढताना चुकीच्या जागी जोडले जातात. हसलं की डोळा मिटतो. घास घेतला की डोळ्यातून पाणी वाहतं. अशी एक तरुण मुलगी लग्नाच्या पंगतीत जेवायला बसायचंच टाळत असे.

तळोज्याच्या गृहस्थांचे ते ७२ तास फिल्मच्या पिशवीत गेले. मी गोळ्या तरीही सुरू केल्या, रक्तातली साखर आधी तपासून, कारण स्टेरॉइडनं ती वाढते. पण उशिरा दिलेल्या औषधाचा तेवढाच फायदा होईल असं मी त्यांना सांगू शकले नाही.

आजींच्या सीटीची गोष्ट याच्या बरोबर उलट, आणि जास्त घातक. गैरसमज इतका पसरलेला आहे की सावकाश सांगते. मेंदूचा झटका दोन प्रकारचा असतो. एकात रक्तवाहिनी फुटते, दुसऱ्यात ती गाठीनं बुजते. बुजण्याचा प्रकार जास्त आढळतो. फुटलेलं रक्त सीटीवर लगेच पांढरं दिसतं. बुजलेल्या वाहिनीमुळे मरू घातलेला मेंदूचा भाग मात्र पहिल्या काही तासांत सीटीवर बहुधा नीट दिसतच नाही. मग अशा वेळी सीटी काढतात कशासाठी? रक्तस्राव नाही ना, हे पाहण्यासाठी. कारण गाठ विरघळवणारं इंजेक्शन रक्तस्रावात दिलं तर जीव जाईल. लक्षणं झटक्याची आणि सीटी नॉर्मल, याचा डॉक्टरच्या भाषेत अर्थ होतो, ‘धावा, इंजेक्शनची तयारी करा.’ घरच्यांच्या भाषेत त्याचा अर्थ होतो, ‘काही नाही, घरी चला.’ तोच कागद, अर्थ अगदी विरुद्ध.

इंजेक्शनची मुदत लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांची. मोठी वाहिनी बुजली असेल तर मांडीतून नळी घालून गाठ ओढून काढता येते, ती साधारण ६ तासांपर्यंत आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. पण मुदत आहे म्हणून थांबायचं नसतं. उपचार न झालेल्या मोठ्या झटक्यात दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात असा हिशेब एका अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञानं २००६ साली मांडला होता. आजींच्या घरापासून इंजेक्शन मिळू शकेल अशा रुग्णालयापर्यंत रात्रीच्या वेळी तासाभराचा रस्ता होता. ते साडेचार तासांत सहज बसत होतं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग कपाळाची तपासणी आम्हीच घरी करतो. कृपा करून तसं करू नका. घरच्यांचं काम एवढंच: तोंड अचानक वाकडं दिसलं की वेळ लिहून ठेवायची आणि ज्या रुग्णालयात डॉक्टर, सीटी आणि झटक्याचे उपचार एकाच छताखाली आहेत तिथे जायचं. वाहन नसेल तर १०८ ला फोन करायचा. बोलणं अडखळतंय, हात किंवा पाय जड झालाय, तोल जातोय, दोन-दोन दिसतंय, यांपैकी काहीही असेल तर एक मिनिटही विचार करायचा नाही. चक्कर येऊन, तोंड वाकडं होऊन दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरीही जायचं; ती पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असू शकते. कपाळ पाहणं हे डॉक्टरचं काम, आणि तेही फसवं ठरू शकतं. नसेची सूज सौम्य असेल तर कपाळ थोडंफार हलतं. शंका असली की तो झटका समजूनच पुढे जायचं, हा आमचा नियम.

हा नियम मी पुस्तकातून शिकले नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका ग्रामीण रुग्णालयात नवी असताना पन्नाशीचे एक शिक्षक आले. डावी बाजू पूर्ण गेलेली, कपाळ सपाट, डोळा उघडा. मी आत्मविश्वासानं बेल्स पाल्सी म्हणून गोळ्या लिहून दिल्या. निघताना ते दारात थबकले आणि म्हणाले, ‘‘बाई, जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन दिसतायत.’’ मी म्हणाले, डोळा मिटत नाही, पाणी येतंय, त्यामुळे असेल. दोन दिवसांनी त्यांना उचलूनच आणलं. उजवा हात आणि पाय गेला होता.

मेंदूच्या देठात सातव्या नसेचे धागे सहाव्या नसेच्या केंद्राला वळसा घालून बाहेर पडतात. सहावी नस डोळा बाहेरच्या बाजूला फिरवते. त्या इंचभर जागेत झटका आला तर चेहरा अगदी बेल्स पाल्सीसारखा दिसतो, कपाळासकट, पण त्या बाजूचा डोळा बाहेर वळत नाही. मी फक्त एक बोट त्यांच्या डोळ्यांपुढून आडवं फिरवायचं होतं. ते वाचले, काठी घेऊन चालू लागले, पुन्हा शाळेत मात्र जाऊ शकले नाहीत. तेव्हापासून बोट फिरवल्याशिवाय मी वाकड्या तोंडाच्या एकाही रुग्णाला घरी पाठवलेलं नाही. अशा रुग्णाला सीटीसुद्धा फसवतं, कारण देठाभोवतीच्या जाड हाडांमुळे तिथलं चित्र गढूळ येतं. तिथे एमआरआयच हवा, आणि पहिल्या दिवशी तोही क्वचित चुकतो.

स्कॅन नक्की लागतो अशी आणखी काही कारणं आहेत. मार लागल्यावर चेहरा वाकडा होणं हे त्यांतलं मोठं. ललिता पवारांची गोष्ट जुन्या वाचकांना माहीत असेल. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात प्रसंगाची गरज म्हणून मारलेली थप्पड जोरात बसली आणि येवल्यात जन्मलेल्या या नायिकेचा चेहरा डाव्या बाजूनं लुळा पडला, डोळाही दुखावला. तीन वर्षं उपचार चालले. डाव्या डोळ्यातला बारीकपणा कायमचा राहिला आणि नायिका म्हणून असलेली कारकीर्द संपली. पुढे पडद्यावर खाष्ट सासू आणि दूरदर्शनवर मंथरा म्हणून महाराष्ट्रानं आणि देशानं त्यांना पाहिलं. त्यांच्या डॉक्टरांकडे डोकं आतून पाहण्याचं साधन नव्हतं. रुग्णाच्या मेंदूचं पहिलं सीटी लंडनजवळ विम्बल्डनच्या रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ ला निघालं. आज एक्स्प्रेसवेवर अपघात होऊन असा रुग्ण आला तर मी आठ्या मोजत बसणार नाही. डोक्याचं आणि कानाच्या हाडाचं सीटी लगेच मागेन.

कानाचं हाड हा शब्द मुद्दाम वापरला. वर्षानुवर्षं कान वाहत असेल आणि मग चेहरा वाकडा झाला, तर कानातली कीड हाड खात नसेपर्यंत पोचलेली असू शकते. तिथे मेंदूचा स्कॅन काढून उपयोग नाही, कानाच्या हाडाचं सीटी हवं आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ हवा. कानात पाण्याच्या फोडी असतील तर ती नागीण. तिला स्कॅन नको, विषाणूविरोधी गोळ्या हव्यात आणि त्या लगेच हव्यात. चेहरा आठवड्या-आठवड्यानं हळूहळू वाकडा होत गेला, कानाखाली गाठ लागली किंवा त्याच बाजूचा चेहरा पुन्हा एकदा गेला, तर गाठीचा शोध घ्यायला एमआरआय हवाच.

काही आजार असे की कोणत्याच स्कॅनमध्ये ते दिसायचे नाहीत. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात दूषित पाण्यातून गिया बारे सिंड्रोमची साथ आली होती, दोनशेहून अधिक रुग्ण झाले. या आजारात चेहऱ्याच्या दोन्ही बाजू लुळ्या पडू शकतात. दोन्ही बाजू गेल्या तर तोंड वाकडं दिसतच नाही! चेहरा नुसता निर्विकार, मुखवट्यासारखा होतो आणि घरचे म्हणतात अशक्तपणा आलाय. सोबत पाय लटपटत असतील तर मेंदूच्या स्कॅनची वाट न पाहता दाखल व्हायचं असतं.

दुसरा आजार आमच्या शेजारचाच. पनवेलजवळ नेऱ्याचं शांतिवन ठाऊक नसलेला माणूस या भागात विरळा. कुष्ठरोग संपला अशी समजूत आता इतकी पक्की झाली आहे की तरुण डॉक्टरांच्या मनात तो येतच नाही. पण गालावर सुन्न, फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्या बाजूचा डोळा मिटेना, तोंड मात्र बऱ्यापैकी सरळ, असं चित्र दिसलं की मी कापसाचा बोळा घेते आणि चट्ट्यावर फिरवते. स्पर्श कळला नाही तर निदान जवळपास झालंच. औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे, आणि नसेची सूज ताजी असेल तर इथेही स्टेरॉइडनं डोळा वाचतो.

डोळ्याबद्दल आणखी दोन शब्द, कारण तो विसरला जातो. चेहरा आज ना उद्या बरा होईल, पण न मिटणाऱ्या डोळ्याचं बुबुळ कोरडं पडून त्यावर फूल पडलं तर ते कायमचं. पनवेल परिसरात बांधकामांची, खडी मशिनची आणि डंपरची धूळ किती आहे हे सांगायला नको. दिवसा दर तास-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब, बाहेर पडताना गॉगल, रात्री मलम घालून पापणी बोटानं मिटवायची आणि वरून चिकटपट्टी. नुसता कापूस डोळ्यावर ठेवू नका, पापणी उघडली की तोच बुबुळाला घासतो. डोळा दुखू लागला किंवा अंधूक दिसू लागलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. चेहऱ्याला ‘करंट’ देण्याचा आग्रह पुष्कळ रुग्ण धरतात. त्याच्या फायद्याचा भरवशाचा पुरावा नाही, म्हणून मी तो लिहून देत नाही. आरशासमोर बसून हळुवार हालचाली कराव्यात, फुगे फुगवण्याची कसरत नको.

तळोज्याचे गृहस्थ तीन आठवड्यांनी पुन्हा आले. भाऊ या वेळी नव्हता, बायको होती. डोळ्याची लाली गेली होती. पापणी मिटायला लागली होती, पूर्ण नाही, पण फट कमी झाली होती. ओठाच्या कोपऱ्यात किंचित हालचाल होती. कपाळ अजून सपाटच. तीन आठवड्यांत हालचाल सुरू होणं हे चांगलं लक्षण, असं मी त्यांना सांगितलं. सुट्टी वाढवायला कंपनीला कागद हवा होता, तो दिला. त्या एमआरआयच्या फिल्मचं काय करू, असं त्यांनी विचारलं. जपून ठेवा म्हटलं. सुरुवात झाल्यापासून तीन महिने पूर्ण होतील ती तारीख केसपेपरवर लिहून दिली आहे. तोपर्यंत चेहरा पुरेसा भरून आला नाही, तर पुन्हा एमआरआय करावा लागेल, या वेळी औषध टोचून, मेंदूच्या देठापासून कानाच्या हाडातून थेट गालातल्या लाळग्रंथीपर्यंत त्या नसेचा पूर्ण रस्ता दाखवणारा. तेव्हा तुलनेला ही जुनी फिल्म लागेल.